नाण्यानं न उघडणारा माऊस

सातारच्या एमआयडीसीत मी अकरा वर्षं नोकरी केली. आमचा कारखाना माऊस, कीबोर्ड, छोटे स्पीकर असल्या वस्तू बनवायचा आणि दुसऱ्या कंपन्या त्यावर आपापली नावं छापून विकायच्या. मी डिझाइनला होते. वस्तू कशी दिसेल, हातात कशी बसेल, आतले भाग एकमेकांत कसे अडकतील, हे ठरवणं माझं काम. माहेर साताऱ्यात, सासर सांगलीत. नवरा सांगलीच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो. आठवडाभर मी आईकडे राहायची आणि शनिवारी दुपारची एसटी धरून सांगलीला यायची. अकरा वर्षं हेच चाललं होतं आणि मला त्याची तक्रार नव्हती, कारण काम मनापासून आवडायचं.

त्या काळात केलेल्या एका माऊसचा मला फार अभिमान होता. बिनतारी, चार्ज होणारा, काळाभोर, आणि बाहेरून एकही स्क्रू न दिसणारा. एखादा नदीतला गोटा हातात घ्यावा तसा वाटायचा. तसा वाटावा म्हणून मी काय काय केलं होतं, ते आता सांगताना माझी मलाच लाज वाटते. वरचं आणि खालचं कवच मी एकमेकांना वितळवून जोडायला लावलं, म्हणजे फट दिसू नये. वरून हाताला मऊ लागणारा रबरासारखा रंग दिला. अंगठ्याजवळ खरं रबर बसवलं, तेही प्लास्टिकवरच ओतून, कधीही न निघणारं. माऊस हातात भारदस्त लागावा म्हणून आत लोखंडाचा एक तुकडा चिकटवला. त्या तुकड्याचं काम काहीच नव्हतं, नुसतं वजन. आणि बॅटरी, ती पातळ पाकिटासारखी मऊ बॅटरी, खालच्या कवचाला गोंदानं घट्ट बसवली, म्हणजे ती खुळखुळणार नाही.

यातला एकेक निर्णय मी विचार करून घेतला होता. दिसेल कसा, खर्च किती, जोडायला वेळ किती. तो पुढे कुणाला उघडावा लागेल, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मलाही पडला नाही. नवऱ्याच्या कॉलेजात नवी लॅब होत होती, तर मीच मागे लागून तिथं आमचे माऊस घ्यायला लावले होते.

तीन वर्षांत ते संपले. बॅटऱ्या बसल्या. सांगलीच्या उन्हाळ्यात तो मऊ रंग चिकट झाला, मुलांच्या हाताला काळं लागायला लागलं. कॉलेजनं ते जुन्या कीबोर्डांबरोबर भंगारात काढले. नियमाप्रमाणे परवानावाल्या माणसाला दिले, त्यानं शिक्क्याचा कागद दिला, टेम्पो भरला आणि गेला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या लक्षात आलं, की मुलांच्या परीक्षेच्या दोन हार्डडिस्क असलेला खोकाही चुकून त्याच टेम्पोत गेलाय. परवानावाल्यानं फोनवर आधी टाळाटाळ केली आणि मग सांगितलं, की माल माधवनगरला आहे, जाऊन बघा. शिक्क्याच्या कागदावर माधवनगरचा पत्ता नव्हता. कागदावर भंगार गाळणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचं नाव होतं.

रविवार होता. मी स्कूटरवर मागे बसून सहज गेले.

सांगलीलगतच्या माधवनगरला बंद पडलेल्या एका गिरणीच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांबट शेड होती. बाहेर फ्रिजचे सांगाडे, आत कीबोर्डच्या थप्प्या, तारांचे भारे. दाराजवळच्या उजेडात पोतं अंथरून एक बाई बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं सडसडीत, कपाळावर ठसठशीत कुंकू. शेड त्यांच्या धाकट्या दिराची, पण वस्तू फोडून वेगवेगळ्या करायचं सगळं काम त्यांचंच. डाव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी बांधलेली. तो हात चालत नव्हता म्हणून त्यांनी माऊस दोन पायांच्या तळव्यांमध्ये धरला होता आणि उजव्या हातानं त्याच्या कडेत स्क्रूड्रायव्हर घालत होत्या.

तो माऊस माझा होता.

नवऱ्यानं खोक्याची चौकशी केली. खोका मिळाला, डिस्कही मिळाल्या. तेवढ्यात मी हाताचं विचारलं. बाईंनी सांगितलं, की आठ दिवसांपूर्वी असलाच एक काळा माऊस उघडत होत्या. हा कुठूनच उघडत नाही, म्हणून स्क्रूड्रायव्हर जोर लावून आत घातला, तो आतल्या बॅटरीत घुसला. आधी शिट्टीसारखा आवाज झाला, मग भडका. माऊस डाव्या हातात होता. अंगठा आणि तळवा भाजला. दवाखान्यात पट्टी केली, दोन दिवस घरी बसल्या, तिसऱ्या दिवशी परत आल्या.

"ह्याला उघडायला जागाच न्हाई बगा," त्या म्हणाल्या. "वरनं न्हाई, खालनं न्हाई. ज्यानं कुनी केलाय त्यानं येकदा तरी सोता उघडून बगितलाय का?"

मला वाटलं, आता इथून निघावं. पण माझा नवरा सरळ माणूस. त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यानं जवळजवळ कौतुकानंच सांगून टाकलं, की अहो मावशी, हा माऊस हिनंच केलाय.

मावशींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. पायातला माऊस काढला, माझ्यापुढे धरला आणि त्यावर स्क्रूड्रायव्हर ठेवला.

"व्हय? मग दावा की उघडून."

मी खाली बसले. जोड कुठून जातो, बॅटरी कुठं आहे, लोखंड कुठं आहे, सगळं मला पाठ होतं. तरी माऊस उघडेना. स्क्रूड्रायव्हरचं टोक दोनदा निसटलं, एकदा माझ्याच मांडीकडे आलं. शेवटी मी तो फरशीवर आपटला आणि शेजारचा हातोडा उचलला, तर मावशींनी माझं मनगट धरलं. "नगं, तितं बॅटरी हाय," म्हणाल्या. हातोडा मी नेमका बॅटरीवरच उगारला होता. ज्या बाईचा हात माझ्यामुळे भाजला होता, तिनं माझा वाचवला.

परतीच्या वाटेवर मी नवऱ्यावर चिडले. तिथं सांगायची काय गरज होती म्हणून भांडले. तो म्हणाला, खोटं का बोलायचं. त्यावर मी आणखी चिडले. सोमवारी पहाटेच्या एसटीत खिडकीशी बसून मी कऱ्हाडपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या, आणि कऱ्हाडच्या पुढे माझा राग हळूहळू कारखान्याकडे वळला. मी एकटीनं नव्हतं केलं ते. डिझाइनच्या प्रत्येक चित्रावर चार सह्या लागायच्या, त्याशिवाय ते पुढे जात नसे. चार शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही ही गोष्ट सुचू नये?

आमचे साहेब, म्हणजे कारखान्याचे संचालक, वाईचे. बोलायला अतिशय गोड. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हळहळ व्यक्त केली, त्या बाईंना काही मदत पाठवायची का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मदत नको, माऊस बदलू या. बॅटरी निघेल असा करू या.

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "आपण माऊस विकतो. तो बंद पडल्यावर त्याचं काय होतं, हा आपला धंदा नाही."

मी जागेवर येऊन बसले. त्या दिवशी मी नुसती रेघोट्या मारत होते. मला नोकरी सोडायची हिंमत नव्हती, हेही इथं सांगितलं पाहिजे.

पुढच्या रविवारी मी माधवनगरला एकटी गेले. हातमोजे आणि बरनॉल घेऊन गेले होते. मावशींनी ते बाजूला ठेवले. मी म्हटलं, मला शिकायचंय, तुम्हाला उघडताना काय अडतं ते मला सांगाल का? त्या म्हणाल्या, नुसतं सांगून कळायचं न्हाई, ढीग पडलाय, बसा फोडाय. फोडा आणि मग इचारा.

तेव्हापासून मी दर रविवारी फोडायला बसले. सहा-सात महिने. मला आठवतं, पहिल्या दिवशी माझ्या तळहाताला दोन फोड आले आणि मी अर्धाही ढीग संपवला नव्हता. कॉलेजच्या चार वर्षांत आणि नोकरीच्या इतक्या वर्षांत मी जोडायला शिकले होते. सोडवायचं कसं, ते कुठंच शिकवलं नव्हतं.

मावशींची लग्नाआधीची वर्षं गिरणीतल्या वडिलांच्या जेवणाचा डबा पोचवण्यात गेली होती, शाळा चौथीपर्यंत. पण प्लास्टिक त्या आवाजावरून ओळखायच्या. तुकडा फरशीवर टाकला की म्हणायच्या, हे कडक, हे ठिसूळ, ह्यात भेसळ. मी प्रयोगशाळेत तपासून पाहिलं, त्या क्वचितच चुकल्या. ज्या प्लास्टिकवर रबर ओतलंय ते कुणी घेत नाही, ते त्या एका कोपऱ्यात टाकायच्या. तो कोपरा छतापर्यंत गेला होता. रंग दिलेलं प्लास्टिक दळलं की नवीन माल काळपट आणि कच्चा येतो, म्हणून तेही दुसऱ्या कोपऱ्यात. माऊसच्या पायाखाली ज्या निसरड्या पट्ट्या असतात त्यांच्याखाली स्क्रू लपवतात, तर प्रत्येक माऊसची पट्टी नखानं उचकटून बघावी लागते. त्यांची नखं बघून मी माझे हात पदराखाली घेतले होते.

हळूहळू त्या मला मॅडम म्हणायच्या थांबल्या, पोरी म्हणायला लागल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: सुरुवात कुठून करायची ते वस्तूनंच सांगावं, बॅटरी सगळ्यात आधी हाताला लागावी, आणि एका वस्तूत एकच प्लास्टिक असावं. मी हे वहीत लिहून घेतलं तेव्हा त्या हसल्या. ह्यात लिवण्यासारखं काय हाय, म्हणाल्या.

त्याच सुमाराला एका परदेशी गिऱ्हाईक कंपनीचं पत्र आलं. तुमच्या वस्तू पुनर्वापरासाठी सुट्या करायला सोप्या व्हाव्यात म्हणून तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं होतं. साहेबांना लगेच माझी आठवण झाली. मला बोलावून म्हणाले, तुमची ती कल्पना करून बघू या, नमुने तयार करा. आणि त्या शेडमध्ये कसं काम चालतं त्याचा सविस्तर अहवालही द्या. मी आनंदानं अहवाल लिहिला. शेड कुठं आहे, तिथं कोण बसतं, कसं फोडतात, सगळं. मावशींना विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

नमुन्याचा साचा आमच्या साचेवाल्या काकांनी केला. ते माण तालुक्यातले, दहिवडीजवळचे. उमेदीची वर्षं मुंबईत साच्यांच्या कारखान्यात घालवून साताऱ्यात आले होते. बोलणं कमी आणि हात सोन्याचे. मी चित्र दाखवलं तेव्हा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, पयल्यांदाच कुनीतरी भायेर पडायची वाट काढलीया.

माऊसच्या पोटाला मी एक खाच दिली होती. त्यात नाणं घालून पाव फेरा फिरवला की खालचं कवच सुटायचं. आत बॅटरी एका ट्रेमध्ये, तिला कापडी पट्टी, पट्टी ओढली की बॅटरी बाहेर. गोंद नाही. लोखंडाचा तुकडा नाही. रंग नाही, त्याऐवजी साच्यालाच बारीक खरबरीतपणा, म्हणजे हातातून निसटणार नाही. सगळं एका जातीचं प्लास्टिक, आणि आतल्या बाजूला ती जात कोणती ते उठावदार अक्षरांत.

पहिला नमुना मी मावशींना दिला. हाताची पट्टी सुटली होती, पण डावा अंगठा वाकत नव्हता, आजही वाकत नाही. त्या दिराच्या मुलीच्या लग्नाबद्दल काहीतरी सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी कनवटीचं नाणं काढलं, खाचेत घातलं, फिरवलं. कवच सुटलं, बॅटरी ओढली आणि गोष्ट चालूच होती. मग थांबून म्हणाल्या, पट्टी काळी का केलीस, आत सगळंच काळं, अंधाऱ्यात दिसायची न्हाई. मी ती पिवळी केली.

माझ्या कामाबद्दल मला इतकं समाधान आधी कधी मिळालं नव्हतं आणि नंतरही मिळालेलं नाही.

गिऱ्हाइकाला नमुना आवडला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मग मला तातडीचं म्हणून स्पीकरच्या एका कामावर टाकलं आणि माऊस पुढे उत्पादनवाल्यांकडे गेला. दरम्यान विक्री विभागाचा एक माणूस माझ्याकडे आला. मावशी तो नमुना उघडतायत अशी छोटी फिल्म करायची होती. मी विचारलं, कारखान्यात कामगारांना मोजे-चष्मे देतो तसे त्यांना कायमचे देणार का, भाजलेला हात दाखवणार का? तो म्हणाला, हात दाखवणं बरं दिसणार नाही. मी नाही म्हणून सांगितलं आणि मला वाटलं, विषय संपला.

दोन महिन्यांनी मावशींचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत. आवाज कोरडा होता.

"तुजी मानसं येऊन गेली तवा काय म्हनाली, आन् आता ह्ये काय पाठवलंय?"

मला काही कळेना. मी शनिवारी थेट स्टँडवरून माधवनगरला गेले. त्या बोलायला तयार नव्हत्या. समोर एक खोकं होतं, कुठल्यातरी दुकानानं परत केलेल्या नव्या माऊसचं. डब्यावर हिरवं पान छापलेलं आणि पुनर्वापरासाठी सोपा असं मोठ्या अक्षरांत. मी एक माऊस उचलला, उलटा केला. खाच होती. मी नाणं घातलं. फिरेना. जोर लावला, तरी फिरेना. उजेडात धरून पाहिलं तेव्हा कळलं, की ती खाच नव्हतीच. खाचेचा नुसता आकार होता, साच्यातच ओतलेला, एक नखभर खोल. गिऱ्हाइकाला दिसायला आवडली होती म्हणून ठेवली होती. कवच पूर्वीसारखंच वितळवून जोडलेलं.

मी तो पकडीनं कोपऱ्यातून तोडला. आत बॅटरी गोंदानं चिकटवलेली. लोखंडाचा तुकडा होता.

मग मावशींनी सांगितलं. गाडी घेऊन तिघं आले होते. मी पाठवलंय म्हणाले. त्यांना नवी साडी नेसवली, हातात पांढरे मोजे घातले, डावा हात मागे ठेवायला सांगितलं. शेडमधला पसारा हलवायला लावला. मग माझ्या जुन्या नमुन्यांपैकी एक हातात देऊन चार-पाचदा उघडून घेतला. जाताना मोजे काढून घेऊन गेले.

"तुज्या नावानं आले म्हनून म्या दार उघडलं," त्या म्हणाल्या. "हितला पत्ता कुनी दिला तेनला?"

मी दिला होता. अहवालात लिहून, नीट, वळणावळणासकट. मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला जायला सांगितलं. त्यांचा राग खरा होता. त्यांना न विचारता त्यांचा पत्ता द्यायला मला कुणी शिकवलं होतं? मी इतके महिने स्वतःला त्यांच्या बाजूची समजत होते, आणि त्यांच्या दारापर्यंतचा रस्ता मीच कागदावर काढून दिला होता.

सोमवारी साहेबांकडे बैठक चालू होती. उत्पादनवाले होते, विक्रीवाला होता. मी आत गेले, माऊस टेबलावर ठेवला, त्याशेजारी नाणं ठेवलं आणि साहेबांना म्हटलं, "उघडून दाखवा."

साहेब हसले. नाणं उचललं, खाचेत घातलं, फिरवलं. मग थोडा जोर लावला. नाणं निसटून टेबलावर पडलं. विक्रीवाला म्हणाला, की मुलं उगीच उघडून बघतात, मग तक्रारी येतात, म्हणून तो निर्णय घ्यावा लागला. उत्पादनवाल्यांनी सांगितलं, की जोडायला वेळ जास्त जात होता. मी विचारलं, मग पान कशाला छापलं? साहेब म्हणाले, पान म्हणजे आपला हेतू. त्याच गोड आवाजात. मग म्हणाले, तुम्ही फार भावनिक होताय मॅडम, थोडे दिवस सुट्टी घ्या.

मी आरडाओरडा केला नाही. आजही मला त्याचं वाईट वाटतं. एकदा तरी त्या खोलीत आवाज चढवायला हवा होता. मी बाहेर आले, साचेवाल्या काकांकडे गेले. त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? काका मशीन बंद करून म्हणाले, मला खाच बुजवायला सांगितली, म्या बुजवली. पगारी मानूस हाय मी. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि मला त्यांचाही राग आला. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी आला.

त्या संध्याकाळी मी त्या परदेशी गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं. नमुन्याचे फोटो, विकल्या जाणाऱ्या माऊसचे फोटो, आत चिकटवलेली बॅटरी, खोटी खाच. मावशींचा उल्लेख नाही, पत्ता नाही. खाली माझं नाव.

मला वाटलं होतं, माल परत येईल, गहजब होईल. झालं काय, तर गिऱ्हाइकानं कारखान्याला विचारणा केली, त्यांच्यात काही बोलणी झाली आणि पुढच्या खेपेपासून डब्यावरचं पान गेलं. नुसतं पान गेलं. माऊस तोच राहिला, खाचही राहिली. गिऱ्हाइकाच्या उत्तरात मला धन्यवाद दिले होते आणि छपाईतली चूक दुरुस्त केल्याचं कळवलं होतं. छपाईतली चूक. हे दोन शब्द मी किती वेळा वाचले असतील, सांगता येत नाही. मला पॅकिंग विभागात बसवलं. मी महिनाभर खोक्यांची मापं काढली आणि मग राजीनामा दिला.

सांगलीला आले. मावशींकडे जायचं धैर्य व्हायला वेळ लागला. गेले तेव्हा त्यांनी बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. मी पत्राची हकिकत सांगितली. नोकरी सोडल्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, तू सोडलीस, पर माल यायचा काय थांबला न्हाई. एका पिंपाकडे बोट दाखवलं. त्यात माझे काळे माऊस होते, पहिलेही आणि खोट्या खाचेचेही. त्यांनी आता ते फोडायचे बंद केले होते, नुसते साठवले होते. दिराला सांगून टाकलं होतं, की ह्यांना मी हात लावणार नाही.

तेव्हापासून ते मी फोडते. रविवारी सकाळी जाते, मोजे, चष्मा, वाळूची बादली घेऊन बसते. कुठं कापलं की बॅटरीला धक्का लागत नाही, ते मला आता नेमकं माहीत आहे. आधी डाव्या कडेला, मग पुढून. लोक म्हणतात, यात काय मिळतं तुला. काही मिळत नाही. उलट प्रत्येक माऊसला माझा संताप नव्यानं वर येतो. दुसऱ्या कुणी फोडण्यापेक्षा मी फोडलेले बरे, एवढंच.

मिरज रस्त्याला एकांचा लहानसा कारखाना आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर जे आकड्यांचे कीपॅड असतात, ते तिथं बनवतात. दूध सांडतं, आत जातं, आंबतं, म्हणून ते वरचेवर उघडून पुसावे लागतात. मालकांना उघडणारी वस्तू हवीच होती, मला तिथं काम मिळालं. पुनर्वापराचं मी त्यांना पहिल्यांदा बोललेच नाही. दुरुस्तीला सोपा हवा, एवढंच म्हटलं. त्यांना ते पटलं. कीपॅड आता चार सारख्या स्क्रूंवर उघडतो, कवच एकाच प्लास्टिकचं, अक्षरं रंगानं न छापता साच्यातच घेतलेली. साचेवाले काका निवृत्त झाल्यावर मी त्यांना फोन केला. ते दहिवडीहून दोनदा येऊन साचा बघून गेले. आमच्यात त्या जुन्या गोष्टीचं बोलणं झालं नाही.

या कीपॅडचा पहिला नग मी मावशींकडे नेला तेव्हा विचारूनच नेला. दाखवू का, आणि तुम्ही काय म्हणालात ते कारखान्यात सांगू का, असं दोन्ही विचारलं. त्यांनी उघडून पाहिला, फरशीवर एक तुकडा वाजवून पाहिला. स्क्रू दुधानं गंजणार, म्हणाल्या, गंजलं की डोकं झिजतं, मग ह्येबी फोडूनच काढायचं. मालकांना न गंजणारे स्क्रू महाग वाटतात. गेल्या आठवड्यात यावरून आमची चांगली जुंपली आणि या वेळी मी आवाज चढवला. ते बघू म्हणाले.

मी साध्या स्क्रूच्या चित्रावर सही केलेली नाही. चित्र माझ्याच टेबलावर आहे.